जूनचा हिशेब : कुटुंबाच्या शिक्षणखर्चाच्या अभ्यासाची प्रस्तावना

जून महिन्यात महाराष्ट्रातल्या शेतकरी घरावर दोन खर्च एकदमच येऊन पडतात. मृग लागतो तशी बियाण्याच्या पिशव्या आणि खताची पोती घरात यावी लागतात. त्याच पंधरवड्यात शाळा उघडते आणि वह्या, दप्तर, गणवेश, बूट, व्हॅनचे भाडे, फीचा पहिला हप्ता अशी रांग लागते. विदर्भात उन्हाच्या तडाख्यामुळे शाळा जूनअखेरीस उघडतात, पण पेरणीही तिथे त्याच सुमारास चालू असते, त्यामुळे त्या पंधरा दिवसांचा दिलासा काही मिळत नाही. सोयाबीनचा पैसा यायचा तो दसरा-दिवाळीला, कापसाचा त्याच्या पुढे, तुरीचा संक्रांत उलटल्यावर. घरात पैसा सगळ्यात कमी असतो नेमक्या त्या दिवसांत शाळा पैसे मागते.

गावातल्या कोणत्याही बाईला हे ठाऊक असते. शिक्षणाच्या अर्थशास्त्रावरच्या ग्रंथांत मात्र हे फार थोड्या ठिकाणी सापडते. सरकारने शिक्षणावर किती खर्च करावा, यावर आपल्याकडे भरपूर लिहिले गेले. राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणासाठी हवेत ही शिफारस १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाची; २०२० च्या शैक्षणिक धोरणातही तोच आकडा पुन्हा लिहावा लागला. शासनाच्या तिजोरीचा हिशेब असा साठ वर्षे चालू आहे. घराच्या पेटीचा हिशेब कोणी मांडायचा? फी किती, हा प्रश्न सगळे विचारतात. ती कोणत्या महिन्यात भरली, कोणत्या पैशातून भरली, कोणाचा कोणता खर्च मागे सारून भरली, आणि दोन लेकरांपैकी कोणाची आधी भरली, हे चार प्रश्न विचारले की एक नवा विषय समोर उभा राहतो. त्या विषयाच्या दाराशी ही प्रस्तावना आहे, आणि आत येणाऱ्याने अर्थशास्त्राची पदवी घेतलेली असावी अशी अट नाही. दहावीच्या वर्गशिक्षिका, पतसंस्थेत काम करणारे लोक, बचत गटाच्या सचिव आणि स्वतः फी भरणारे आईबाप यांच्याजवळ या विषयातली जी सामग्री आहे, ती विद्यापीठाच्या ग्रंथालयात नाही.

विषय नवा म्हटला तरी त्याची मुळे इथलीच आणि जुनी आहेत. १८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे जे निवेदन ठेवले, ते मी या विषयाचे पहिले मराठी पान मानतो, जरी ते इंग्रजीत सादर झाले होते. त्यांचा मुद्दा हिशेबाचाच होता. शेतसारा भरतो तो कुणबी, आणि त्या साऱ्यातून चालणाऱ्या उच्च शिक्षणाचा लाभ घेतात ती वरच्या जातींची मुले. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही त्यांची मागणी या हिशेबातूनच निघाली होती. फी म्हणून दिलेला पैसा पावतीवर दिसतो. साऱ्यातून, करातून दिलेली शिक्षणाची किंमत कोणत्याच पावतीवर येत नाही. तीही कुटुंबाचाच खर्च आहे, हे फुल्यांनी दाखवून दिले.

दुसरे उदाहरण एका घरातले आहे. गोपाळ कृष्ण गोखल्यांचे वडील १८७९ मध्ये वारले. थोरले भाऊ गोविंदराव यांनी स्वतःचे शिक्षण सोडले आणि दरमहा पंधरा रुपयांची नोकरी धरली. त्यातले आठ रुपये ते कोल्हापूरला शिकणाऱ्या धाकट्या भावाला पाठवीत. उरलेल्या सात रुपयांत बाकीचे घर. हेच गोपाळराव पुढे १६ मार्च १९११ रोजी मध्यवर्ती कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडतात, आणि ज्याचे उत्पन्न महिन्याला दहा रुपयांहून कमी आहे त्याच्या मुलाकडून फी घेऊ नये, अशी तरतूद त्यात ठेवतात. मार्च १९१२ मध्ये १३ विरुद्ध ३८ मतांनी ते विधेयक पडले. इतिहासाच्या पुस्तकात ही दोन वर्णने वेगवेगळ्या प्रकरणांत येतात, एक बालपणाच्या आणि दुसरे संसदीय कार्याच्या. आपल्या विषयात ती एकाच पानावर यायला हवीत. भावाने अर्धा पगार पाठवला म्हणून जो शिकला, त्याला उत्पन्नाची मर्यादा म्हणजे काय हे कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. आणि शाळा सोडलेल्या गोविंदरावांचे शिक्षण हा त्या घराने केलेला सगळ्यात मोठा खर्च होता. तो रुपयांत लिहिता येत नाही, म्हणून वगळून टाकण्याची मुभा अभ्यासकाला नाही.

ब्रिटिश मुलुखात हे विधेयक पडले तेव्हा संस्थानांत वेगळे घडत होते. बडोद्याच्या सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो संस्थानभर नेला. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. पण शाहूंचे त्याआधीचे काम मला या विषयाच्या दृष्टीने अधिक बोलके वाटते. १९०१ पासून त्यांनी कोल्हापुरात एकामागून एक जातींच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी करायला मदत केली. खेड्यातल्या पोराला शहरात शिकायचे तर फी हा खर्च शेवटचा. आधी रात्री पाठ टेकायला जागा आणि दोन वेळची भाकरी हवी. ब्राह्मण मुलांना माधुकरीची आणि वार लावून जेवण्याची सोय जातीने दिली होती. आठवड्याचे सात वार सात घरी. इतरांना ती सोय नव्हती. वसतिगृह हे त्याचे उत्तर होते.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापली आणि हेच उत्तर खेड्यांत नेले. गावोगावच्या घरांतून मूठ मूठ धान्य बाजूला काढून ते वसतिगृहाला द्यायचे, हा मुष्टिफंड म्हणजे धान्यात गोळा केलेली फीच. ज्या घरात रोख नाही पण ज्वारी आहे, त्या घराला झेपेल त्या रूपात आणि झेपेल त्या वेळी ती मागितली गेली. मुले शेतात, बांधकामावर राबत आणि शिकत. ‘कमवा व शिका’ हे शब्द तिथून महाराष्ट्रभर गेले. आणि वसतिगृहातल्या पोरांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने, शेवटी मंगळसूत्रही मोडले. हा प्रसंग आपण त्यागाची गोष्ट म्हणून शाळेत ऐकतो. अभ्यासक म्हणून तो पुन्हा ऐकावा, कारण महाराष्ट्रात शिक्षणाचा अडलेला गाडा बाईच्या सोन्याने पुढे ढकलण्याची रीत आजही चालू आहे. सोनेतारण कर्ज देणाऱ्या पतसंस्थेच्या खिडकीशी मे-जून महिन्यांत तासभर थांबून पाहावे.

आंबेडकरांचेही नाव इथे घेतले पाहिजे, आणि तेही हिशेबासकट. १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबिया विद्यापीठात गेले. बदल्यात शिक्षण संपल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार होता. शिष्यवृत्ती हा शब्द आपण देणगीसारखा वापरतो, पण ती किती, कधी, कोणत्या अटीवर आणि कोणत्या हातातून येते, यावर तिचे खरे मोल ठरते. त्यांच्याच प्रयत्नाने १९४४ मध्ये अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आज लाखो घरांत ती ‘भारत सरकारची स्कॉलरशिप’ म्हणून ओळखली जाते, आणि ‘या वर्षीची आली का?’ हा त्या घरांतला नेहमीचा प्रश्न असतो. प्रवेश जुलै-ऑगस्टमध्ये, स्कॉलरशिपचा हप्ता कधी वर्ष संपताना, कधी वर्ष संपल्यावर. मधले महिने कोण सोसतो? हक्काची रक्कम मंजूर आहे, एवढे लिहून अहवाल संपतो. आपला अभ्यास तिथून सुरू होतो.

या विषयाची एक मौज अशी की मराठी भाषेनेच त्याचे दप्तर जपून ठेवले आहे. जुन्या शाळांत फी माफ होणाऱ्या मुलाला ‘नादार’ म्हणत. पूर्ण नादारी, अर्धी नादारी असे तिचे प्रकार असत. फारसीत नादार म्हणजे ज्याच्याजवळ काही नाही तो. हेडमास्तरांपुढे उभे राहून आपण तसे आहोत हे मुलाने किंवा बापाने सांगायचे, त्यांना पटले तर नादारी मिळायची. १९५९ मध्ये यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने वर्षाला बाराशे रुपयांहून कमी उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या मुलांची फी माफ केली आणि ‘ईबीसी’ हा शब्द मराठीत आला. जात न विचारता, हुशारी न तपासता, केवळ उत्पन्नाच्या दाखल्यावर. नादारी मागावी लागे. ईबीसीचा फॉर्म भरायचा असे. ‘मी ईबीसीवर शिकलो’ असे सांगणारी एक अख्खी पिढी महाराष्ट्रात आहे, आणि ती ते वाक्य मान खाली न घालता बोलते. शब्द बदलला तेव्हा देणाऱ्या-घेणाऱ्याचे नातेही बदलले होते. त्यानंतरच्या काळाचे शब्द बघा: डोनेशन, बिल्डिंग फंड, मॅनेजमेंट कोटा, सोडत. प्रत्येक शब्दापाशी थांबून तो कोणत्या वर्षी घरात शिरला हे वडीलधाऱ्यांना विचारले, तरी निम्मा इतिहास हाती लागतो.

डोनेशनचा काळ १९८३ नंतर खरा बहरला. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित तत्त्वावर अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालयांना परवानगी मिळाली. त्या निर्णयाने जागा वाढल्या, बंगळुरूकडे जाणारी मुले इथे थांबली, हे खरे आहे. शिक्षण संस्था हा भांडवलाचा मार्ग झाला, हेही खरे आहे. १९८७ मध्ये राज्याला कॅपिटेशन फीविरोधी कायदा करावा लागला. पुढे सर्वोच्च न्यायालयात १९९२ चे मोहिनी जैन, १९९३ चे उन्नीकृष्णन, २००२ चे टी. एम. ए. पै आणि २००५ चे पी. ए. इनामदार असे निकाल आले. शेवटचा खटला तर महाराष्ट्र राज्याविरुद्धचाच. संस्थेला फी ठरवण्याचे स्वातंत्र्य आहे, वाजवी शिल्लक ठेवता येते, पण नफेखोरी आणि कॅपिटेशन फी चालणार नाही, या रेषेवर न्यायालय येऊन थांबले. ‘वाजवी शिल्लक’ कोठे संपते आणि नफेखोरी कोठे सुरू होते, हे ठरवायला ताळेबंद वाचावा लागतो. पालकांच्या हाती तो क्वचितच पडतो.

शाळांसाठी राज्याने २०११ मध्ये शुल्क विनियमनाचा कायदा केला, तो २०१४ मध्ये अमलात आला. सत्र सुरू झाल्यापासून तीस दिवसांत पालक-शिक्षक संघ व्हावा, कार्यकारी समितीतले पालक सोडतीने निवडावेत, त्यात निम्म्या स्त्रिया असाव्यात, फीचा प्रस्ताव शाळेने या समितीपुढे आधी ठेवावा आणि एकदा ठरलेली फी दोन वर्षे बदलू नये, असा त्याचा सांगाडा आहे. कागदावर हा कायदा मला चांगला वाटतो, कारण तो पालकाला अर्जदार न समजता फी ठरवणाऱ्यांच्या टेबलाशी बसवतो. पण पुढच्या दुरुस्तीने विभागीय समितीकडे तक्रार नेण्यासाठी पंचवीस टक्के पालकांची एकजूट मागितली. हजार मुलांच्या शाळेत अडीचशे घरे सह्यांसाठी फिरायची, आणि तीही ज्यांची मुले त्याच शाळेत रोज जातात अशी. माझ्या मते ही अट तक्रारीचे दार अरुंद करण्यासाठी पुरेशी आहे. करोनाच्या वर्षी, १२ ऑगस्ट २०२१ रोजी, राज्याने त्या सत्राच्या फीत पंधरा टक्के कपात करण्याचा आदेश काढला. तो किती घरांपर्यंत खरोखर पोचला, यावर एखाद्या तालुक्यापुरता जरी नीट अभ्यास झाला, तरी तो या विषयात मोलाचा ठरेल.

आता शिक्षणहक्क कायद्याकडे येतो. इथे मी थोडा रेंगाळणार आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या या कायद्याने विनाअनुदानित शाळांतल्या प्रवेशाच्या पंचवीस टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना दिल्या. सोडतीत नंबर लागला की मुलाला फी नाही. त्यापोटी शासन शाळेला प्रतिपूर्ती देते. महाराष्ट्रात तिची कमाल मर्यादा वर्षाला १७,६७० रुपये ठरलेली होती आणि ती वर्षानुवर्षे थकते ही संस्थांची तक्रारही खोटी नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याने सरकारी किंवा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आतल्या खासगी शाळांना या जागांतून मोकळे केले. उच्च न्यायालयाने जुलैत ती अधिसूचना रद्द केली, आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप नाकारला. ही लढाई वर्तमानपत्रांत आली. जी आली नाही ती नववीची.

कायदा सहा ते चौदा वर्षे वयाचा, म्हणजे आठवीपर्यंतचा. सोडतीत लागलेले मूल नवव्या इयत्तेत पाऊल टाकते आणि त्याच वर्गात, त्याच बाकावर, त्याला अचानक पूर्ण फी लागू होते. घराचे उत्पन्न त्या मे महिन्यात वाढलेले नसते. आर्थिकदृष्ट्या दुर्बल मुलांसाठी केंद्राची एक गुणवत्ता शिष्यवृत्ती आहे. आठवीत परीक्षा, आणि नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला बारा हजार रुपये. नेमकी याच वळणावर उपयोगी पडेल अशी. पण ती सरकारी, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी आहे. विनाअनुदानित शाळेत पंचवीस टक्क्यांतून गेलेले मूल त्या परीक्षेला बसू शकत नाही. दोन्ही योजना आपापल्या जागी नीट आखलेल्या आहेत, आणि त्यांच्या मधल्या फटीतून मूल खाली जाते. घराच्या बाजूने पाहिले तर ही फट लगेच दिसते. मंत्रालयाच्या बाजूने पाहिले तर दिसत नाही, कारण तिथे दोन योजना दोन फायलींत आहेत.

आकड्यांविषयी. राष्ट्रीय नमुना पाहणीने शिक्षणखर्चाची मोजणी १९८६-८७, १९९५-९६, २००७-०८, २०१४ आणि २०१७-१८ मध्ये केली, आणि अलीकडे २०२५ च्या एप्रिल ते जून या महिन्यांत. नव्या वाचकाने या शेवटच्या पाहणीपासून सुरुवात करावी. तिच्यानुसार देशात सरकारी शाळेतल्या मुलामागे घराचा वर्षाचा सरासरी खर्च २,८६३ रुपये आणि बिगरसरकारी शाळेतल्या मुलामागे २५,००२ रुपये आहे. सत्तावीस टक्के मुले शिकवणीला जातात. आणि पंच्याण्णव टक्के विद्यार्थ्यांच्या बाबतीत खर्चाचा पहिला मोठा आधार घरातलेच कोणी माणूस आहे. सरकारी शिष्यवृत्ती हा पहिला आधार असलेले सव्वा टक्काही नाहीत. हे आकडे वाचताना दोन गोष्टींचे भान ठेवावे. महाराष्ट्रात माध्यमिक शिक्षणाचा मोठा भार खासगी अनुदानित शाळा उचलतात. तिथे शिक्षकांचा पगार शासन देते आणि फी नाममात्र असते. ‘बिगरसरकारी’ या एका शब्दात त्या आणि महागड्या विनाअनुदानित शाळा एकत्र येतात, त्यामुळे सरासरी दोघांपैकी कुणाचेच चित्र दाखवत नाही. दुसरे असे की नव्या पाहणीत अंगणवाडी पूर्व-प्राथमिकात धरली गेली आहे, म्हणून मागच्या फेऱ्यांशी सरळ तुलना करून ‘खर्च इतका वाढला’ असे म्हणणे चुकीचे ठरते. विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत ही चूक मी वारंवार पाहतो.

तरीही सगळ्यात चांगली पाहणीसुद्धा वर्षाची बेरीजच सांगते. पंचवीस हजार रुपये महिन्याला दोन हजारांप्रमाणे गेले की जूनमध्ये एकदम पंधरा हजार गेले, यात पगारदार घराला फरक आहे, रोजंदारीच्या घराला तर जमीन-अस्मानाचा. या तारखांशी जुळवून घेण्यासाठी लोकांनी स्वतःच्या व्यवस्था उभ्या केल्या आहेत. भिशी लावणाऱ्या बायका आपला नंबर जूनमध्ये लागावा म्हणून आधीच शब्द टाकून ठेवतात. बचत गटाच्या कर्जाच्या कारणांत ‘शिक्षण’ हा शब्द पावसाळ्याच्या तोंडाशी दाटीने येतो. नोकरदार ‘सोसायटी’चे कर्ज काढतो. मामा एक वर्ष उचलतो, पुढच्या वर्षी काका. वरच्या वर्गातल्या मुलाची पुस्तके मे महिन्यातच शेजारच्या घरी सांगून ठेवली जातात, आणि पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकासारख्या ठिकाणी जुन्या पुस्तकांच्या खरेदी-विक्रीला त्या दिवसांत जोर चढतो. गणवेशाची उंची दोन बोटे जास्त ठेवून शिवायची, म्हणजे पुढच्या जूनला टीप उसवता येते, हेही त्याच शास्त्रातले.

माझी आई घरखर्चाची वही ठेवायची. किराणा, दूध, भाडे यांच्या ओळी निळ्या शाईत आणि ‘शाळा’ असे लिहिलेली ओळ लाल पेन्सिलीत. एका वर्षी धाकट्या भावाचा वार्षिक निकाल फी थकली म्हणून शाळेने आठवडाभर रोखून धरला. त्या आठवड्यात वहीत दूध अर्धे झालेले आहे आणि आजोबांच्या औषधाची ओळ नाही. फीची रक्कम वहीत आहेच. पण ती कशातून आली हे बाजूच्या ओळी वाचल्याशिवाय कळत नाही. शिक्षणखर्च एकटा वाचू नये, पूर्ण पान वाचावे, ही पद्धत मी त्या वहीतून शिकलो.

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ थिओडोर शुल्ट्झ यांनी १९६१ मध्ये छापलेल्या निबंधात शिक्षण ही माणसातली गुंतवणूक आहे असे मांडले, आणि शिकण्याच्या काळात बुडालेली मजुरीही खर्चात धरली. ही कल्पना समजून घेण्यासाठी बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगाराच्या घरी जावे. तिथे नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून उचल घेऊन कोयता दिवाळीच्या आगेमागे गाव सोडतो आणि उन्हाळ्यात परततो. मोठी मुलगी सोबत गेली तर धाकट्याला सांभाळते, मोळ्या बांधते. गावात हंगामी वसतिगृहात किंवा आजीजवळ राहिली तर शाळा टिकते, पण फडावर धाकट्याला बघायला कुणी नसते आणि आईचे काम कमी भरते. शाळा मोफत आहे, पुस्तके बालभारतीची मोफत आहेत, दुपारची खिचडी आहे. तरीही तिच्या शाळेची किंमत त्या घराला उचलीच्या हिशेबात मोजावी लागते. म्हणूनच मुलींसाठी फी माफ करणारे निर्णय वाचताना, अगदी जुलै २०२४ पासून आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ करणारा निर्णयही, मी त्याचे मनापासून स्वागत करतो आणि लगेच पुढचा प्रश्न विचारतो: खोलीचे भाडे, मेस आणि एसटीचा पास कुणाच्या नावावर?

या अभ्यासाला लागणाऱ्याला पद्धतीपेक्षा वागण्याविषयी थोडे सांगायचे आहे. फीचे विचारणे म्हणजे कर्जाचे विचारणे, आणि कर्जाचे विचारणे म्हणजे घराच्या अब्रूला हात लावणे. घरातल्या पुरुषाला सासऱ्यांसमोर ‘उसने घेतले का?’ असे विचारू नये. बाईशी बोलताना ती स्वयंपाकघरात एकटी असेल अशी वेळ धरावी, आणि तिने मुलीचे कानातले मोडले हे ती सांगेल तर ते नाव-गाव लावून कुठेही छापू नये. फी न भरल्याबद्दल वर्गात उभे केलेल्या मुलाला तर प्रश्नावली मुळीच देऊ नये. मुलाला असा मानसिक त्रास देण्याला शिक्षणहक्क कायद्याचे सतरावे कलम मनाई करते, हे त्याच्या घरी सांगावे. ते सांगणे हेही या विषयातले काम आहे. तसेच हेही सांगावे की डोनेशन घेणाऱ्याला घेतलेल्या रकमेच्या दहापट दंड होऊ शकतो, आणि दाखला मिळायला उशीर झाला म्हणून दुसरी सरकारी किंवा अनुदानित शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. अभ्यासक माहिती घेऊन जातो, तर थोडी ठेवूनही जावी.

शाळांचीही बाजू ऐकावी लागेल. कमी फीच्या विनाअनुदानित मराठी शाळा आहेत. त्यांचे शिक्षक वर्षानुवर्षे तुटपुंज्या मानधनावर आहेत आणि अनुदानाच्या टप्प्याची वाट पाहत आझाद मैदानावर जाऊन बसले आहेत. तिथे पालकाने न भरलेली फी म्हणजे एखाद्या शिक्षिकेचा न झालेला पगार असतो, आणि तिच्या स्वतःच्या लेकराची फी त्या पगारातून जायची असते. हा दुवा कुणीतरी नीट, नावनिशी न घेता, शाळेच्या कीर्द-खतावणीपासून घराच्या वहीपर्यंत जोडून दाखवायला हवा. मला तसे काम मराठीत आढळलेले नाही आणि त्याची फार गरज आहे.

तेव्हा वाचकाला विनंती एवढीच. येत्या १ जूनला शंभर पानी वही घ्या. स्वतःच्या घरची असेल तर उत्तम. नसेल तर ओळखीच्या एका घराची, त्यांच्या संमतीने. शिक्षणासाठी गेलेला प्रत्येक रुपया तारखेसह लिहा, रिक्षाकाकांचे भाडे आणि सहलीची वर्गणीसुद्धा. शेजारच्या रकान्यात तो कुठून आला ते लिहा: पगार, भिशी, उसने, तारण. तिसऱ्या रकान्यात त्या आठवड्यात कोणता खर्च पुढे ढकलला ते. ३१ मेला वही बंद करा आणि आमच्यासारख्या अभ्यासकांना दाखवा. अशा दोनशे वह्या जमल्या तर या विषयाचा पहिला खरा ग्रंथ लिहिता येईल.